जवळ आल्यावर चेहरा उरू नये : एका अक्षरचित्राचं प्रकरण

नायगावच्या बीडीडी चाळीत चालणाऱ्या एका अभ्यासिकेतल्या मुलामुलींनी ६ डिसेंबरसाठी बाबासाहेबांचं अक्षरचित्र करायला घेतलं आणि अक्षरांची बाजू बघायला मला बोलावलं. अक्षरचित्र म्हणजे रेषा किंवा रंग न वापरता नुसत्या मजकुरातून उभा केलेला चेहरा. हा प्रकार आपल्याला नवा नाही. रामनामाच्या बारीक अक्षरांतून साकारलेले मारुती जुन्या तसबिरींत दिसतात, आणि नावाच्या अक्षरांतून काढलेला गणपती आता लग्नात भेट म्हणून दिला जातो. राजकीय चित्र म्हणून मात्र त्याचा गंभीर विचार फारसा होत नाही. म्हणून हे एकच प्रकरण, त्यातल्या निर्णयांसकट आणि वादांसकट लिहिते आहे.

मुलांकडे एक चित्र आधीच तयार होतं. फोटो आणि मजकूर दिला की अक्षरचित्र बनवून देणारी फुकट साधनं इंटरनेटवर मिळतात, त्यातल्याच एकावर त्यांनी ते केलं होतं. मजकूर एकच, 'जय भीम', हजारो वेळा. लांबून चेहरा सुरेख उठला होता, चष्म्याच्या काचेवरची चमकसुद्धा दिसत होती. जवळून मात्र ती अक्षरं आहेत हे सांगावं लागत होतं. जिथे ती ओळखू येत होती तिथे 'भीम'ची वेलांटी 'भ'पासून सुटून एका ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेली होती. ही साधनं रोमन लिपीच्या हिशेबानं घडवलेली असतात. त्यांच्या लेखी 'भ' हे एक चिन्ह आणि वेलांटी हे दुसरं, म्हणून ती दोघांना वेगवेगळ्या घरांत बसवतात. मराठी माणसाच्या हातून, मराठी माणसासाठी झालेल्या चित्रात मराठी अक्षरं मोडलेली असावीत, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं, आणि ते मी पहिल्याच बैठकीत सांगितलं.

पण चित्राची खरी दिशा बदलली ती दुसऱ्याच एका बोलण्यानं. अभ्यासिकेत रोज पेपर वाचायला येणारे एक काका आहेत, गिरणीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पोरांनो, चेहरा घराघरात आहे. कॅलेंडरवर आहे, चौकात आहे, तिकडे इंदू मिलच्या जागेवर साडेतीनशे फुटी पुतळा होतोय. त्यात तुम्ही आणखी एक चेहरा कशाला काढताय? संविधान सभेतलं शेवटचं मोठं भाषण वाचलंय का कुणी?"

ते भाषण २५ नोव्हेंबर १९४९ चं. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा त्यातला इशारा पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच भाषणात भक्तीविषयीही एक इशारा आहे. धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती, व्यक्तिपूजा, ही अधःपतनाची आणि शेवटी हुकूमशाहीचीच वाट आहे, असं बाबासाहेबांनी तिथे बजावलं. मग ज्यानं हे बजावलं त्याचाच चेहरा आपण कसा काढायचा? मुलं बराच वेळ गप्प होती. त्यातून जो नियम निघाला तो एका मुलीनं भिंतीवर लिहून लावला : लांबून चेहरा दिसावा, जवळ आल्यावर चेहरा उरू नये, मजकूर उरावा.

माझ्या मते अक्षरचित्राचं राजकारण ह्या एका वाक्यात आहे. अक्षरं वाचता येत नसतील तर ती नुसती शाई आहे. ठिपक्यांच्या जागी अक्षरं वापरली एवढ्यानं चित्र बोलकं होत नाही. बघणाऱ्याला पावलं टाकत जवळ यायला लावणं आणि जवळ आल्यावर त्याच्या हाती पूर्ण वाक्य देणं, हे ज्या चित्राला जमतं तेच काही मागू शकतं, काही विचारू शकतं.

मजकूर कोणता घ्यावा यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. पहिली सूचना संविधानाच्या उद्देशिकेची. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या विरोधात ऑगस्ट क्रांती मैदानात जमलेल्या तरुणांच्या पिढीला ती तोंडपाठ आहे, शाळांत ती म्हटली जाते. पण मजकूर छोटा. त्यानं चेहरा भरायचा तर ती पंधरा-वीस वेळा लिहावी लागली असती आणि तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं की वाचणारा थांबतो. दुसरी सूचना १९४९ च्या त्याच भाषणाची, पण ते मुळात इंग्रजीत झालं. अनुवाद चांगले आहेत, तरी मराठी अक्षरांच्या चेहऱ्यात बाबासाहेबांची स्वतःची मराठी असावी, असं मला वाटत होतं. तिसरी सूचना काकांचीच : 'मूकनायक'.

३१ जानेवारी १९२० ला हे पाक्षिक मुंबईतून निघालं. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. बाबासाहेब तेव्हा २८ वर्षांचे, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. त्यामुळे संपादक म्हणून त्यांचं नाव नव्हतं, ते पांडुरंग नंदराम भटकरांचं होतं. लिहिणारे मात्र बाबासाहेब. म्हणजे जे शब्द छापले गेले तेव्हा त्यांच्यासोबत लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, चेहरा तर नव्हताच, त्या शब्दांतून आता शंभरेक वर्षांनी चेहरा उभा करायचा. हे लक्षात आल्यावर मजकुराचा प्रश्न उरला नाही.

पहिल्या अंकाच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग आहे : 'काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें'. मनोगतात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा आहे. एकेक जात म्हणजे एकेक मजला, पण मनोऱ्याला शिडी नाही, त्यामुळे ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण. मुलांपैकी अर्ध्याहून अधिक जणांनी हे पहिल्यांदाच वाचलं. १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून पुनर्विकासाच्या टॉवरमध्ये जाण्याच्या गोष्टी ज्या चाळीत रोज चालतात, तिथे तो परिच्छेद मोठ्यानं वाचला गेला तेव्हा कुणालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

हक्कांचं थोडक्यात सांगते, कारण अशा कामात तो प्रश्न शेवटी विचारला जातो आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी, त्या वर्षाच्या अखेरीस लेखनावरचा हक्क संपतो. बाबासाहेब १९५६ मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०१७ पासून त्यांचं लेखन कुणालाही छापता येतं. फोटोचा हिशेब वेगळा, तो २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीपासून ६० वर्षांचा होता, आता तोही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा आहे. म्हणून त्यांच्या हयातीत छापला गेलेला आणि जुन्याच नियमानं हक्क संपलेला फोटो घ्यायचा असं ठरलं. मजकूर शासनानं प्रकाशित केलेल्या खंडावरून उतरवला आणि जुनं शुद्धलेखन तसंच ठेवलं. 'आतां', 'करूं', 'हें' ही रूपं १९६२ च्या नियमांनी आपल्या लेखनातून गेली. एका मुलानं ती 'सुधारून' टाकली होती, ती पुन्हा मूळ रूपात आणली. शिवाय काळ्या-पांढऱ्याच्या खेळात शिरोरेषेवरचे ते जादा टिंब उपयोगीच पडतात.

आता फोटो. मजकूर लिहिला तेव्हा बाबासाहेब २८ वर्षांचे होते. मग चेहराही तरुण हवा, असा माझा आग्रह होता आणि तो अजूनही कायम आहे. सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला, चष्म्याचा, भारदस्त चेहरा पाहिला की बघणारा ओळखून पुढे जातो. अनोळखी तरुण चेहरा पाहिला की तो थांबतो आणि विचारतो, हे कोण? मुलांचं म्हणणं उलट होतं. अक्षरांच्या खरबरीत चित्रात ओळख पटवायला ठसठशीत खूण लागते, आणि चष्म्याच्या दोन काळ्या कडा ती देतात. चाळीतल्या एका आजींना दोन्ही कच्ची चित्रं दाखवली. तरुण चेहऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "वकील दिसतोय कुणीतरी. आपल्यातलाच आहे का गं?" मुलांनी चष्म्याचा चेहरा नक्की केला. चित्र त्यांचं होतं, निर्णयही त्यांचाच.

ह्यापुढचं सगळं काम अक्षरांचं. त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मराठीत हे कुठे लिहिलेलं सापडत नाही आणि पुढे असं चित्र करणाऱ्याला नेमकं हेच लागेल.

वर्तमानपत्रातला फोटो लहानमोठ्या ठिपक्यांतून गडद-फिका होतो. अक्षरचित्रात ते काम अक्षराच्या जाडीनं करायचं. त्यासाठी एकाच वळणाच्या पुष्कळ जाड्या असलेला फॉन्ट हवा. मुंबईच्याच 'एक टाइप' ह्या गटानं केलेला 'मुक्त' हा फॉन्ट सात जाड्यांत आहे आणि वापरायला मोफत आहे, म्हणून तो घेतला. सर्वांत बारीक जाडी कपाळ आणि गालाच्या उजळ भागाला, सर्वांत ठळक केस, चष्मा आणि कोटाला.

देवनागरीची पहिली अडचण शिरोरेषा. रोमन मजकूर फिका केला की सगळीकडे सारखा फिका होतो. आपल्या ओळीत वरच्या बाजूला सलग आडवी रेघ राहतेच, त्यामुळे उजळ गालावर पट्टे उमटतात. उपाय एवढाच सापडला की उजळ भागात शब्दांमधली जागा किंचित वाढवायची, म्हणजे रेघ मध्येमध्ये तुटते आणि डोळा पट्टा जोडत नाही. फार वाढवली तर वाक्य विस्कटतं. ती मर्यादा मोठ्यानं वाचूनच ठरवावी लागते. वाचणारा अडखळला की जागा जास्त झाली.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. जाडी कुठे बदलायची? जोडाक्षराच्या मध्ये बदलली तर ते फुटतं, 'त्र्य'चे पाय मोडून हलंत बाहेर येतात. म्हणून 'स्वातंत्र्य' हा शब्द स्वा, तं, त्र्य असा तीनच तुकड्यांत तोडता येतो, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या एका मुलीनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो मजकूर अशा पूर्ण अक्षरांत तोडतो, प्रत्येक अक्षराखाली फोटोचा जेवढा भाग येतो त्याचा काळेपणा मोजतो आणि सातपैकी एक जाडी देतो. फुकट साधनांनी जे बिघडवलं होतं ते तिनं असं दुरुस्त केलं, आणि ह्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम मी तेच मानते.

तिसरी अडचण त्या प्रोग्रामनंच पुढे आणली. शेजारच्या दोन अक्षरांच्या जाड्या फार वेगळ्या असल्या की शिरोरेषेला पायरी पडते. एका पायरीचा फरक नजरेला येत नाही. पण एकाच शब्दात सर्वांत बारीक आणि सर्वांत ठळक अक्षर शेजारी आलं की शब्द तुटल्यासारखा दिसतो आणि वाचणं थांबतं. म्हणून एका शब्दात जाडी दोन पायऱ्यांपेक्षा जास्त बदलायची नाही असं ठरवलं. चष्म्याच्या कडेला हा नियम मुद्दाम मोडला, कारण तिथे तो पाळला तर डोळेच पुसट होत होते.

आणि एक नियम असा, की मजकुराचा क्रम बदलायचा नाही. ओठांपाशी 'तोंड' हा शब्द आणावा, डोळ्यांपाशी अमुक वाक्य आणावं, असा मोह सगळ्यांना झाला. मी विरोध केला. लेखकाची वाक्यं आपल्या चित्रासाठी पुढेमागे करायला लागलो की तो मजकूर त्याचा राहत नाही. चित्राची पार्श्वभूमी कोरी ठेवली होती, त्यामुळे पहिली ओळ केसांवर येत होती, आणि अभंग आपसूक सर्वांत ठळक अक्षरांत माथ्यावर बसला. त्याहून जास्त काही करायची गरज नव्हती.

अक्षरं किती मोठी असावीत हे चाळीच्या व्हरांड्यात ठरलं. बीडीडी चाळीत दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधून लांबच लांब व्हरांडा असतो. अंतर तपासायला ह्याहून चांगली जागा मुंबईत मिळणार नाही. वेगवेगळ्या आकारांतले नमुने साध्या कागदांवर छापून, जोडून एका टोकाला चिकटवले आणि दुसऱ्या टोकाकडून एकेकाला चालत यायला सांगितलं. चेहरा विरतो आणि वाक्य सुरू होतं त्या जागी खडूनं रेघ मारली. ओळींत ६ मिलिमीटर अंतर असताना चेहरा अगदी भिंतीपाशी जाईपर्यंत टिकत होता, म्हणजे कुणी वाचणारच नव्हतं. अंतर ३० मिलिमीटर केल्यावर साधारण दोन मीटरवर मजकूर सहज वाचता येऊ लागला आणि चेहरा तिथून नाहीसा झाला. पाच फूट रुंद, सात फूट उंच कापडावर त्याच्या सत्तर ओळी बसतात आणि खांद्यांपाशी सगळ्यात रुंद ओळीत शंभराच्या आसपास अक्षरं. चित्र मूळच्या सुबक चित्राहून पुष्कळ खरबरीत दिसत होतं. काहींना ते आवडलं नाही. भिंतीवरचं वाक्य दाखवून काकांनी तो वाद मिटवला.

फ्लेक्स नको यावर एकमत होतं, म्हणून मांजरपाट. मांजरपाटावर शाई पसरते. छापखान्यात पहिला नमुना काढला तेव्हा सर्वांत बारीक जाडीच्या रेषा तुटक आल्या आणि सर्वांत ठळक जाडीत 'ध', 'भ', 'क्ष' यांच्या पोटातली मोकळी जागा बुजली. बारीक जाडी सोडून दिली आणि ठळक अक्षरांमधली जागा वाढवली. पडद्यावर कितीही छान दिसो, ज्या कापडावर छापायचं त्याच कापडाचा तुकडा घेऊन नमुना काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. रंगाचाही वाद झाला. निळा आपला रंग आहे, तोच हवा असं पुष्कळांचं मत होतं. निळ्या शाईत गडद-फिक्याची तफावत कमी होते आणि चेहरा मंदावतो, म्हणून अक्षरं काळी ठेवली आणि कापडाला निळी पट्टी शिवली.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलच्या दोन रांगा आणि मध्ये वाट, अशा एका वाटेच्या टोकाला, ओळखीच्या विक्रेत्याच्या स्टॉलला लागून कापड बांधलं. वाटेच्या सुरुवातीला उभं राहिलं की माणसांच्या डोक्यांवरून चेहरा दिसायचा, पुस्तकं बघत बघत टोकाला आलं की मजकूर. चैत्यभूमीची रांग तासन् तास चालते. दर्शन घेऊन आलेली माणसं थकलेली असतात, तरी पुस्तकांपाशी रेंगाळतात. ह्या गर्दीइतका वाचणारा समुदाय मुंबईत एका जागी मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बहुतेकांनी आधी मोबाइलमध्ये फोटो घेतला. मोबाइलच्या पडद्यावर चित्र लहान होतं, अक्षरं मिटतात आणि चेहराच उरतो, तेव्हा हे होणारच होतं. पण अनेक जण फोटो काढून झाल्यावर पुढे सरकले. बोट धरून ओळ वाचणारे होते, मनोऱ्यापाशी थबकून शेजाऱ्याला हाक मारणारे होते. विदर्भातून आलेल्या एका मावशींनी आमच्यातल्या मुलीला विचारलं, "माय, मले वाचता येत नाही. काय लिवलं आहे ते सांगशीन का?" तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली आणि भोवती कोंडाळं जमलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मुलं आळीपाळीनं कापडापाशी उभी राहून वाचत होती. हे आधी कुणी योजलं नव्हतं. पुढच्या वेळी वाचणारा माणूस हा चित्राचाच भाग म्हणून पहिल्यापासून धरला जाईल.

उणीवही स्पष्ट दिसली. कापड जमिनीपासून दीड फुटावर बांधलं होतं, म्हणजे वरची कड साडेआठ फुटांवर. माथ्यावरचा ठळक अभंग वाचता येत होता, खालचा कोटही. पण कपाळावरची फिकी अक्षरं उंचावर आणि भर उन्हात, ती फार थोड्यांना लागली. म्हणजे चेहऱ्याचा सर्वांत उजळ भाग वाचण्याच्या दृष्टीनं सर्वांत कमकुवत ठरला. सोबत वाटलेल्या चार पानी पत्रकात सगळा मजकूर होता, त्यामुळे कुणी अर्धवट वाक्य घेऊन गेलं नाही. तरी चित्राचं काम पत्रकावर ढकलणं बरोबर नाही. माझा सल्ला असा की उंची कमी करून रुंदी वाढवावी आणि डोळ्यांची ओळ बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावी.

काकांना विचारलं, व्यक्तिपूजा झाली का? ते म्हणाले, "हार घातला नाही कुणी. वाचलं मात्र." मुलांनी ह्याआधी लावलेल्या फोटोंना हार पडायचे, हे त्यांना माहीत होतं.

आता ३१ जानेवारीसाठी, 'मूकनायक'च्या वर्धापनदिनी लावायला, तोच मजकूर घेऊन तरुण चेहरा करायचं ठरलं आहे. ह्या वेळी कापड सात फूट रुंद आणि पाच फूट उंच. चष्मा नसल्यामुळे डोळ्यांपाशी फक्त मधल्या जाड्या वापराव्या लागतात आणि नजर अजून नीट उठत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीचं म्हणणं आहे की तेवढ्या भागात ओळींमधलं अंतर कमी करून बघावं. मला ते पटत नाही, कारण मग नेमक्या तिथे वाचणं अवघड होईल. व्हरांड्यात दोन्ही नमुने लावले आहेत.